‘सर्वानुमते मंजूर’ : विश्वस्तांना एक खुले पत्र

प्रति,
सेवाभावी संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आणि कार्यकारिणींवर असलेले सर्व सदस्य यांना

सप्रेम नमस्कार.

आपल्या सभेत टेबलाच्या टोकाला वही घेऊन कोणीतरी बसलेले असते. कोण हजर, कोण गैरहजर, गणपूर्ती झाली की नाही, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, हे टिपून घेणारे. एकवीस वर्षे ती जागा माझी होती. तीन संस्थांची इतिवृत्ते मी लिहिली. निवृत्तीआधी शेवटच्या संस्थेचे दप्तर लावून देताना जुन्या वह्या पुन्हा वाचल्या, आणि माझ्याच अक्षरातले एक वाक्य इतक्या वेळा समोर आले की पुढे पुढे नजर त्यावरून घसरू लागली: ‘सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’

बहुतेक वेळा ती चर्चा सविस्तर नव्हती. पुष्कळदा झालीच नव्हती. अध्यक्ष विषय वाचत, “कोणाची हरकत नाही ना?” असे विचारत, दोन-चार माना हलत आणि आम्ही पुढच्या विषयावर जात असू. ‘सविस्तर चर्चेअंती’ हे शब्द सवयीने माझ्या पेनातून उतरत. त्याची मला लाज वाटते. हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच आहे.

त्यातली एक सभा सांगते, मुलांवर उपचार करणारे केंद्र चालवणाऱ्या संस्थेची.

विषय होता वार्षिक हिशेबाचा. कागदपत्रे आठवडाभर आधी पाठवायची असा आमचाच ठराव होता, पण ऑडिटरकडून प्रत आदल्या संध्याकाळी आली आणि झेरॉक्स सभेच्या जागीच वाटल्या गेल्या. अकरा सदस्य, चाळीस पाने आणि या विषयाला मिळालेला अर्धा तास. बहुतेकांनी पहिले पान पाहिले आणि कागद बाजूला सारले. एक सदस्या नव्या होत्या, दुसऱ्याच सभेला आलेल्या. त्या पेन्सिल घेऊन ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहत होत्या. त्यांनी विचारले, “ठरावीक कामासाठी आलेला, अजून खर्च व्हायचा असलेला निधी इथे एवढा दिसतोय. मग बँकेतली शिल्लक त्याहून कमी कशी?”

क्षणभर कोणी बोलले नाही. संस्थापकच संचालक होते. ते हसून म्हणाले, “ताई, एक अनुदान यायचंय. ते आलं की भरून निघेल. दरवर्षी असंच असतं.” अध्यक्षांनी पुस्ती जोडली, “सरांनी सगळं आयुष्य घातलंय यात.” त्या नव्या सदस्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी लिहिले: ताळेबंद सर्वानुमते मंजूर. त्यांचा प्रश्न मी लिहिला नाही. लिहा असे कोणी सांगितले नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

संस्थापक प्रामाणिक होते. त्यांनी संस्थेचा एक पैसाही घरी नेला नाही, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. उपकरणांसाठी आलेली देणगी ते पगारांना वापरत होते. पगार थकले तर माणसे जातील आणि मुलांचे उपचार थांबतील, या भीतीने. पुढचे अनुदान आले की मागचा खड्डा बुजवायचा, असे चालले होते. दोन वर्षांनी एक अनुदान आलेच नाही, आणि त्याच महिन्यात देणगीदाराने आपली उपकरणे पाहायला मागितली. केंद्र बंद झाले. दारावर लावायची सूचना मीच टाइप केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई मुलाला कडेवर घेऊन ती सूचना वाचत उभी होती. मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता, कडेवर घ्यायच्या वयाचा नव्हता. पण त्याला चालता येत नव्हते, आणि त्यासाठीच ती आठवड्यातून तीनदा यायची.

त्या मंडळात एकही माणूस वाईट नव्हता. माझे सगळे म्हणणे इथून सुरू होते. गैरव्यवहार झाला की आपण हळहळतो, आपल्याकडे तसे काही नाही म्हणून निश्चिंत होतो. पण संस्था बुडायला चोर लागतोच असे नाही. भल्या माणसांच्या मौनानेही ती बुडते. आणि ते मौन इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ या नावाने नोंदले जाते.

विश्वस्ताच्या कर्तव्याचा विषय निघाला की कायद्याची माणसे ज्या खटल्याचा दाखला देतात, तो याच जातीचा आहे. वॉशिंग्टनमधल्या सिब्ली रुग्णालयाच्या विश्वस्तांवर रुग्णांनी दावा केला होता आणि १९७४ साली न्यायाधीश गेसेल यांनी निकाल दिला. रुग्णालयाचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासक आणि खजिनदार या दोघांच्याच हाती होता. नियमावलीप्रमाणे वित्त समिती आणि गुंतवणूक समिती १९६० सालापासून कागदावर होत्या. १९७१ पर्यंत त्यांची एकही बैठक झाली नाही. रुग्णालयाच्या मोठ्या रकमा बिनव्याजी चालू खात्यांत पडून होत्या, आणि त्या ज्या बँकांमध्ये होत्या त्यांच्याशी काही विश्वस्तांचे संबंध होते. विश्वस्तांनी संगनमत करून स्वतःचे खिसे भरले, असे न्यायालयाला आढळले नाही. तरीही त्यांनी कर्तव्यभंग केला, असा निष्कर्ष आला. ज्यांच्यावर काम सोपवले त्यांच्यावर देखरेख ठेवणे हेच विश्वस्ताचे काम, आणि ते झाले नव्हते.

मला त्या निकालाचा शेवट फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशांनी विश्वस्तांना पदावरून काढले नाही, भरपाईही भरायला लावली नाही. गुंतवणुकीचे लेखी धोरण ठरवा, आपापले हितसंबंध जाहीर करा, असे आदेश दिले. आणि त्यासोबत असेही सांगितले की आताच्या आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हा निकाल स्वतः वाचायचा. ‘वाचा’ हा न्यायालयाचा आदेश! सभेत आयत्या वेळी वाटलेले चाळीस पानांचे कागद आठवले की त्या आदेशाचा अर्थ मला नेमका कळतो.

अमेरिकेतल्या कायद्याच्या परंपरेत विश्वस्ताची तीन कर्तव्ये सांगतात: दक्षता, निष्ठा आणि संस्थेच्या उद्देशाशी बांधिलकी. निष्ठेबद्दल एकच सांगते. ती संस्थेच्या कामाशी असते, संस्थापकाशी नसते, अध्यक्षांशी नसते आणि ज्यांनी आपल्याला मंडळावर आणले त्यांच्याशीही नसते. बोलायला हे सोपे आहे. ज्यांच्या घरी आपले तीस वर्षांचे जाणे-येणे, त्यांना सभेत “बँकेत शिल्लक कमी का?” असे विचारणे अवघड असते, हे मी पाहिले आहे. पण आपल्याला तिथे बसवले आहे ते या अवघड कामासाठीच. सोपी कामे कर्मचारी करतातच.

मंडळावर मोठी नावे असली म्हणजे देखरेख आपोआप होते, असा एक समज आहे. देणग्या गोळा करून सेवाभावी कामांना देणाऱ्या, अमेरिकेतल्या युनायटेड वेच्या राष्ट्रीय संघटनेच्या मंडळावर बड्या बड्या कंपन्यांचे प्रमुख होते. रोजच्या रोज कोट्यवधींचे व्यवहार पाहणारी ही माणसे. संघटनेचे अध्यक्ष विल्यम अॅरामोनी १९७० पासून पदावर होते. १९९२ मध्ये त्यांच्या खर्चाच्या बातम्या आल्या, त्यांना जावे लागले, आणि १९९५ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत ते दोषी ठरून त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान ठिकठिकाणच्या शाखांनी राष्ट्रीय संघटनेला द्यायची वर्गणी रोखून धरली. स्वतःच्या कंपनीत एकेक बिल तपासणारी माणसे सेवेच्या कामात आली की तपासणे हा जणू अविश्वास मानतात. ‘इथे सगळे चांगल्या हेतूने आलेत’ या भावनेने चष्मा काढून ठेवतात. कृपा करून तो काढू नका. तुमच्या व्यवसायातली शिस्त हीच तुम्ही संस्थेला देऊ शकता अशी सर्वांत मोठी देणगी आहे.

संख्येचेही तसेच. अमेरिकन रेड क्रॉसच्या मंडळावर एकेकाळी ५० जण होते. २००७ मध्ये कायदा बदलून ती संख्या टप्प्याटप्प्याने १२ ते २० वर आणायचे ठरले. पन्नास जणांत प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणीतरी कागद वाचले असतील. अकरा जणांतही असेच वाटू शकते, हे मी वर सांगितलेच आहे. तेव्हा आकडा लहान केला की काम झाले, असे मी म्हणणार नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. संस्थापक आणि मंडळ.

संस्थापकाबद्दल मी आकसाने लिहीत नाही. ज्याने कोणी सोबत नसताना सुरुवात केली, स्वतःचे घर आणि उमेद पणाला लावली, त्याचा शब्द जड असणारच. पण मंडळ त्यानेच जमवलेले असते. मित्र, जुने विद्यार्थी, ज्यांची कधी अडीअडचणीत मदत झाली असे लोक. मग सभेत विषय तो मांडतो, माहिती तोच देतो, निर्णय तोच सुचवतो आणि बाकीचे त्याचे कौतुक करून उठतात. हे कौतुक त्याच्याच जिवावर येते. एकही आधार नसलेला माणूस सगळा भार एकट्याने वाहतो, अडचण लपवतो, कारण ती सांगायची कोणाला? आमच्या संस्थापकांनी नंतर मला एकदा विचारले होते, “त्या दिवशी त्या बाई का थांबल्या?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोणीतरी थांबवायला हवे होते, असेच त्यांना म्हणायचे असावे.

लंडनमधल्या किड्स कंपनी या संस्थेचे उदाहरण इथे पूर्ण सांगायला हवे, अर्धवट सांगून ते फिरवू नये. १९९६ मध्ये सुरू झालेली, वंचित मुलांसाठी दार कधीच बंद न करणारी ही संस्था ऑगस्ट २०१५ मध्ये अचानक बंद पडली. संस्थापिका विलक्षण प्रभावी होत्या, सरकारदरबारी त्यांचा शब्द चालत असे. विश्वस्तांना कंपनी संचालकपदासाठी अपात्र ठरवावे, असा अर्ज झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. विश्वस्त अपात्र नाहीत, असे न्यायालय म्हणाले, आणि संस्थेवर ऐनवेळी झालेले निराधार आरोप नसते तर ती कदाचित तगली असती, हेही नोंदवले. त्यानंतर सेवाभावी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या नियामकाने २०२२ च्या अहवालात देणी वेळेवर न भागवल्याचा ठपका ठेवला आणि राखीव निधी तोकडा असल्याकडे बोट दाखवले. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. विश्वस्तांची बदनामी झाली ती अन्यायाची होती. आणि गाठीला काही महिन्यांचा खर्च नसलेली संस्था एका धक्क्यात कोसळते, मग तो धक्का न्याय्य असो वा अन्याय्य, हेही खरे आहे. राखीव निधी किती ठेवायचा हा निर्णय संचालकाचा नसतो. समोर गरजू माणूस उभा असताना तो उद्यासाठी पैसे बाजूला ठेवू शकत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. ते कठोर काम मंडळाने करायचे. ‘आज आपल्याकडे किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे?’ या एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभेच्या सुरुवातीला आकड्यात मिळाले पाहिजे.

याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. एका संस्थेत मंडळ अतिजागरूक होते. एक सदस्य थेट कनिष्ठ कर्मचाऱ्यांना फोन करून सूचना देत, दुसरे वाहनाच्या डिझेलची पावती स्वतः पाहत. संचालिका बिचाऱ्या दोन मालकांच्या मध्ये सापडल्यासारख्या झाल्या आणि दीड वर्षात सोडून गेल्या. त्याच मंडळाने पाच वर्षांच्या योजनेवर पंधरा मिनिटेही दिली नव्हती. पावती तपासल्याचे समाधान मोठे असते, तिथे आपल्याला सगळे कळते. दिशा ठरवणे, संचालक निवडणे, त्याच्या कामाचे दरवर्षी लेखी मूल्यमापन करणे, जोखीम ओळखणे ही कामे धूसर असतात, म्हणून टाळली जातात. तुम्हाला संस्थेत एकच माणूस नेमायचा असतो आणि एकालाच जाब विचारायचा असतो: संचालकाला. बाकीच्यांना त्याने विचारायचे.

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि सगळ्या कार्यालयातल्या टेबलावरून दिसणाऱ्या आहेत.

कागद सात दिवस आधी. आले नाहीत तर तो विषय पुढच्या सभेत. पहिल्यांदा सगळे नाराज होतील, अध्यक्षही. पण कागद नाहीत म्हणून एकदा खरोखर विषय पुढे ढकललात तर पुढच्या वेळी ते वेळेवर येतील. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ ही विषयपत्रिकेतली शेवटची ओळ मला सर्वांत घातक वाटत आली आहे. जमिनीचा करार, कर्ज, मोठी नेमणूक हे सगळे तिथून आत शिरताना मी पाहिले आहे, माणसे घड्याळाकडे पाहत असताना. पैशाचा कोणताही निर्णय त्या ओळीखाली होऊ नये.

वर्षातून निदान दोनदा संचालक आणि कर्मचारी बाहेर, फक्त विश्वस्त आत, असा अर्धा तास ठेवा. विषय असो वा नसो, ठेवाच, म्हणजे ज्या दिवशी खरोखर काही बोलायचे असेल त्या दिवशी कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. ऑडिटरलाही एकदा संचालकाशिवाय भेटा. तो काय लिहितो त्यापेक्षा काय लिहिता लिहिता थांबला, हे तिथे कळते.

ज्याचा हितसंबंध आहे त्याने विषय सुरू होताच उठून बाहेर जावे. ‘मी मत देणार नाही’ म्हणत तिथेच बसून राहणे पुरेसे नाही. भावाच्या छापखान्याचा दर चर्चेला असताना भाऊ समोर बसलेला असेल, तर कोण म्हणेल की दर जास्त आहे? तो उठून गेला ही वेळेसह नोंद होऊ द्या.

मुदतीबद्दल थोडक्यात: ती असावी, आणि पाळावी. तीन-तीन वर्षांच्या दोन पाळ्या, मग विश्रांती. जाणाऱ्यांचा सन्मान करा, पण खुर्ची रिकामी होऊ द्या. आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्चीपैकी एक तरी, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांच्यातल्या कोणाला द्या. फोटोपुरती देऊ नका, मतासह द्या. त्या सूचनेसमोर उभी राहिलेली आई मंडळावर असती, तर उपकरणे का आली नाहीत हे तिने पहिल्याच सभेत विचारले असते. ती आठवड्यातून तीनदा ती रिकामी खोली पाहत होती. आम्ही अकरा-बारा जण फक्त ताळेबंद पाहत होतो.

शेवटची मागणी माझ्या जुन्या जागेची आहे. अमेरिकेत करमाफी असलेल्या संस्था दरवर्षी भरतात तो फॉर्म ९९० सन २००८ मध्ये नव्याने आखला गेला. त्यात कारभाराविषयी प्रश्न आले. हितसंबंधांविषयी लेखी धोरण आहे का, गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण आहे का, भरलेला फॉर्म दाखल करण्याआधी मंडळातल्या प्रत्येकाला दिला का. आणि त्यात हाही एक: सभांची नोंद त्या त्या वेळीच ठेवली होती का? यातल्या बहुतेक गोष्टी त्या कर कायद्याने सक्तीच्या केलेल्या नाहीत. पण उत्तरे जाहीर होतात, आणि ‘नाही’ असे लिहिताना हात अडखळतो. दूरच्या कर खात्याला वहीचे महत्त्व कळले. आपल्याला कळायला हरकत नाही.

तेव्हा वही लिहिणाऱ्याला तशी परवानगी द्या, नव्हे, तशी सूचनाच द्या: ठरावासोबत विचारलेले प्रश्न लिहायचे, मिळालेले उत्तर लिहायचे, उत्तर मिळाले नसेल तर ते कोण, कधीपर्यंत देणार ते लिहायचे. विरोध असेल तर तो नावासह, विरोध करणाऱ्याची तशी इच्छा असेल तर. नवे सदस्य रुजू होतात तेव्हा त्यांना गुच्छ आणि माहितीपत्रक देतो. त्याऐवजी मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते द्या आणि महिनाभराने विचारा, काय खटकले?

आपल्या पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असेल. वाचून झाल्यावर अध्यक्ष विचारतील, कायम करायचे का? त्या वेळी लगेच मान हलवू नका. त्यात एखादा प्रश्न विचारल्याची नोंद आहे का, ते पाहा. मागच्या वेळी तुम्ही प्रश्न विचारला होता आणि तो तिथे नसेल, तर हात वर करा आणि दुरुस्ती सुचवा. टेबलाच्या टोकाला बसलेली व्यक्ती ती लिहून घेईल. त्या बाईंचा प्रश्न मी लिहून घेतला असता, तर पुढच्या सभेत तो वाचला गेला असता, आणि कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्यालय सचिव